पाचवं वजन

दादा स्टुलावरून पडला त्याला आठवडा झाला होता, आणि तो का पडला याची तेवढ्या अवधीत घरात चार उत्तरं तयार झाली होती. खुद्द दादाला मात्र अजून कुणी विचारलं नव्हतं. आजारी माणसाला "आता कसं वाटतंय?" एवढंच विचारायचं, आणि उत्तर येण्याच्या आत त्याची उशी सरळ करायची, ही या घराण्याची जुनी रीत.

आत्या, म्हणजे दादाची बहीण, जिना चढून वर आली तेव्हा बाकीचे येऊन बसले होते. खाली वजनकाटे दुरुस्तीचं दुकान, वर घर. याच जिन्याच्या वापरावरून दादाच्या थोरल्या मुलीत आणि धाकट्या मुलात झालेल्या लढाईनंतर सगळी मंडळी एका खोलीत पहिल्यांदाच जमत होती. माणसं जोडायला आजारपणासारखं साधन नाही. लग्नात निदान रुसून बसायची सोय असते.

थोरली टेबलाच्या टोकाशी बसली होती. ती शाळेची मुख्याध्यापिका. एखाद्या टेबलाला टोक नसलं, तर ती बसते तिथे ते तयार होतं. तिच्या शेजारी तिचा नवरा, दातांचा डॉक्टर. समोरचा माणूस उत्तर देऊ शकणार नाही अशाच परिस्थितीत बोलायची आयुष्यभर सवय, त्यामुळे सासुरवाडीला तो बहुतेक गप्प असे. धाकटा खिडकीत. तो लोकांच्या सहली आखून द्यायचा आणि स्वतः कुठेही आला की "निघतो" म्हणायचा. वहिनी, म्हणजे दादाची बायको, बिनसाखरेचा चहा गाळत होती, आणि गाळणं एवढा आवाज करतं हे आत्याला आजच कळलं.

आणि दादा? दादा कोपऱ्यातल्या खुर्चीत, मांडीवर स्टीलचा डबा घेऊन बसला होता. डब्यात त्याचं साखर मोजायचं यंत्र, पट्ट्या, सुया आणि इन्सुलिनचं पेन. शाळेच्या पहिल्या दिवशी मूल दप्तर धरतं तसा त्यानं तो धरला होता.

"आत्या आली. आता सुरू करू," थोरली म्हणाली. "बाबांचं मी बघायचं ठरवलंय. ते माझ्याकडे राहायला येतील. डबा माझ्या ताब्यात. मोजायचं मी, टोचायचं यांनी."

"मी?" जावई म्हणाला.

"तुम्हाला सुईची सवय आहे."

"हिरडीची आहे."

"आणि दुकान?" दादानं विचारलं.

"बंद," थोरली म्हणाली. "किंवा विका. बाबा, तुम्ही एकटे खाली पडला होतात. ती केकवाली तिचा काटा न्यायला आली नसती तर?"

केकवाली आली, दादाला फरशीवर पाहिलं, त्याचा ओठ बाजूला करून तिनं हिरडीला साखर घासली, म्हणून आज ही बैठक होती; नाहीतर वेगळ्या प्रकारची झाली असती.

आत्यानं चहाचा कप घेतला आणि मान डोलावली. ती ठरवूनच आली होती. चाळीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये लोकांची बोलणी जोडून दिलेली बाई. कुठे बोलायचं आणि कुठे नुसतं ऐकायचं हे तिला पक्कं ठाऊक. मधुमेह तिलाही होता, दादाच्या कितीतरी आधीपासून. पण तिचा मधुमेह घरात शहाणा समजला जाई. ती चारचौघांत गोडाला हात लावत नसे. गोळ्या वेळेवर घेई, शक्यतो साक्षीदारांसमोर. थोरलीनं भेट दिलेलं यंत्र मात्र तिच्या कपाटात, वेष्टणाचं सील न तोडता, पडलेलं होतं. आत्याचं साधं तत्त्व होतं. दार उघडलं नाही तर पाहुणा आत येत नाही.

हे तत्त्व तिला वडिलांकडून, आप्पांकडून मिळालं होतं. वडिलोपार्जित मालमत्तेत काटे दादाकडे गेले आणि डोळे मिटायची कला तिच्याकडे आली. आप्पांनी जन्मभर जगाची वजनं तपासली, स्वतःची साखर कधी तपासली नाही. आधी पाय गेला. मग आप्पा.

"पद्धतीप्रमाणे करू," धाकटा म्हणाला. "काटा आणतो."

ही पद्धतही आप्पांचीच. घरातला मोठा निर्णय हात वर करून घ्यायचा नाही. हात कुणीही वर करतो. टेबलावर पितळेचा दोन पारड्यांचा काटा मांडायचा, प्रत्येकाला एकेक किलोचं लोखंडी वजन द्यायचं, आणि ज्यानं त्यानं आपलं वजन आपल्या बाजूच्या पारड्यात ठेवायचं. किलोभर लोखंड हातात धरलं की माणूस जरा विचार करून बोलतो, असं आप्पांचं मत होतं. ज्याच्याबद्दल निर्णय, त्याला वजन नाही. म्हणजे आज दादा सोडून पाच.

काटा टेबलावर आला. डावं पारडं थोरलीचं, उजवं दादाचं. वजनं वाटली गेली.

"ठेवण्याआधी कुणाला काही बोलायचंय?" थोरलीनं विचारलं. या वाक्याचा अर्थ 'मला बोलायचंय' असा होतो हे तिच्या शाळेतल्या भिंतींनाही माहीत होतं. "मी सांगते. बाबांचं मन खचलंय. या आजारात तसं होतं, रोज तेच तेच करून माणूस कंटाळतो. त्यांनी स्वतःकडे लक्ष देणं सोडलंय."

"सोडलंय कसलं!" वहिनी गाळणं आपटून म्हणाली. "माझ्यावर राग होता. सकाळी मी म्हटलं, बनियन बदला, तर बोलले नाहीत. उपाशी बसले मुद्दाम, मला धडा शिकवायला."

"केक," धाकटा खिडकीतून म्हणाला. "एवढंच विचारतो, केकवाली तिथे नेमकी कशी आली? तिचा काटा वर्षात किती वेळा बिघडतो?"

"केकनं साखर वाढते," जावई म्हणाला. "यांची कमी झाली होती. माझ्या मते निव्वळ बेफिकिरी."

चारही उत्तरं टेबलावर आली. सगळी ठाम. आत्या दादाकडे बघत होती. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. चुकीच्या नंबरला जोडून दिलेल्या माणसासारखा तो या चौघांचं ऐकत होता. आणि आत्याच्या तोंडून, एक्सचेंजमधली जुनी सवय म्हणा, प्रश्न निघून गेला.

"दादा, पडलास तेव्हा तू करत काय होतास?"

दादानं मान वर केली. इतका खूश झालेला माणूस त्या खोलीत बऱ्याच दिवसांत कुणी पाहिला नव्हता.

"सरासरी काढत होतो," तो म्हणाला.

"कशाची?"

"अगं, हात थरथरायला लागले. घाम आला. म्हटलं कमी झाली असणार. मोजली, तर कमीच. पण एका मापावर कोण विश्वास ठेवतो? आप्पांनी काय शिकवलंय? कुठलाही काटा तीनदा तपासायचा, सरासरी काढायची, मग बोलायचं. दुसऱ्यांदा मोजली, आणखी कमी. म्हटलं, यंत्र आणि मी, दोघांपैकी एक बिघडलाय. तिसऱ्यांदा टोचायला गेलो…"

"आणि?"

"आणि केकवाली दिसली. खालून."

जावयानं चष्मा काढून पुसला.

"बाबा," तो म्हणाला, "खिशात साखरेच्या गोळ्या नव्हत्या?"

"होत्या की."

"मग?"

"तिसरं माप व्हायचं होतं."

धाकटा हसायला लागला आणि त्याला थांबता येईना. थोरली हसली नाही. वहिनीनं हातातलं वजन टेबलावर ठेवलं.

"म्हणजे माझ्यावर रागावून उपाशी नव्हतात?"

"तुझ्यावर रागावलो की मी जास्त जेवतो," दादा म्हणाला. "डॉक्टरीणबाईंनी मला झाडलंय. म्हणाल्या, आधी साखर, मग संशय. मी काय मूर्ख आहे? एकदा कळलं ना, पुरे."

"आणि ते रोजचे प्रयोग?" थोरली म्हणाली. "आई, सांग ना."

"काय सांगू? एके दिवशी गरम बटाटा खातात आणि बोट टोचतात. दुसऱ्या दिवशी तोच उकडून गार केलेला खातात आणि टोचतात. जेवून बसतात, मोजतात. जेवून जिना चढतात-उतरतात, मोजतात. शेजारी विचारतात, काही हरवलंय का."

"गार बटाट्यानं कमी चढते!" दादा खुर्चीतून अर्धा उठला. "तोच बटाटा! तेवढ्याच वजनाचा! आणि जेवून जिना केला की उतार असा येतो की बघत राहावं. मला कुणी सांगितलं नव्हतं. मी शोधलं."

"पुस्तकात आहे ते," जावई म्हणाला.

"पुस्तकात पुस्तकाचा बटाटा, जावईबापू. माझ्या बोटात माझा."

आत्यानं हातातलं वजन या हातातून त्या हातात घेतलं. तिला वाटायचं, मोजणं म्हणजे रोज स्वतःला कोर्टात उभं करणं. आणि हा माणूस जत्रेला निघाल्यासारखा सांगत होता.

"खरी गंमत वेगळीच आहे," दादा रंगात येऊन म्हणाला. "काही न खाता-पिता पण चढते. कशानं माहितीये? थोरलीच्या फोननं."

"बाबा!"

"उचलण्याआधी मोजली, ठेवल्यावर मोजली. पुन्हा पुन्हा केलं. बटाट्यापेक्षा जास्त."

"आणि माझ्या फोननं?" धाकट्यानं उत्सुकतेनं विचारलं.

"तुझा येतो कुठे?"

धाकट्याचं हसू जागच्या जागी थांबलं. थोरलीचा चेहरा मात्र आत्याला बघवेना. मुख्याध्यापिका कुठेतरी उठून गेली होती आणि खुर्चीत नुसती दादाची मुलगी उरली होती.

"मी फोन करते कारण मी आजोबांना पाहिलंय," ती हळू म्हणाली. "शाळेतून आले की त्यांच्या पायाची मलमपट्टी मीच धरून उभी राहायची. मी विचारायचे, आजोबा, बरं आहे का? ते म्हणायचे, बरंय, बरंय. शेवटच्या दिवसापर्यंत बरंय. तेव्हापासून हा शब्द ऐकला की मला ती मलमपट्टी दिसते. तुम्ही सगळे म्हणता थोरली दटावते. दटावू नको तर काय करू?"

दादानं डबा मांडीवरून खाली ठेवला.

"अगं, म्हणूनच मी बरंय म्हणत नाही," तो म्हणाला. "तू विचारलंस की मी आकडा सांगतो. तू आकडा ऐकतेस आणि ओरडतेस. मग मला वाटतं, आप्पाच शहाणे होते."

थोरलीनं उठून आपलं वजन डाव्या पारड्यात ठेवलं. ठक्. पारडं खाली गेलं.

मग सगळ्यांचे अंदाज चुकायला लागले. बायकोच्या पाठोपाठ डावीकडेच जाईल असं ज्याच्याबद्दल सगळे धरून चालले होते, तो जावई उठला आणि त्यानं वजन उजवीकडे ठेवलं.

"पेशंट आपणहून तोंड उघडतोय," बायकोकडे न बघता तो म्हणाला. "माझ्या सबंध धंद्यात असं फार वेळा झालेलं नाही. आणि मला ते पेन टोचायचं नाही."

वहिनी, जी सकाळीच थोरलीला "तुझ्याच बाजूनं" म्हणाली होती, उजवीकडे गेली. "चूक मूर्खपणाची आहे, पण माझ्यावरच्या रागाची नाही," तिनं कारण दिलं, आणि जाता जाता दादाचा गार झालेला कप उचलून घेतला.

धाकट्यानं बापाला आदल्या दिवशी शब्द दिला होता. तो काट्यापाशी आला, थोडा थांबला आणि त्यानं वजन डावीकडे टाकलं.

"तू?" दादा म्हणाला.

"तिसऱ्या मापाचं ऐकल्यापासून मला घाम फुटलाय, बाबा. मी उद्या निघतो. मला तिथे झोप लागायला हवी."

दोन्हीकडे दोन-दोन. काटा डुलून मध्यावर थांबला. सगळे माना वळवून आत्याकडे बघू लागले.

"आत्या, तूच सांग आता," थोरली म्हणाली. "इतकी वर्षं झाली तुला. कधी पडलीस? कधी तक्रार? प्रयोग नाहीत, नाटकं नाहीत. तुझ्यासारखं नीट राहता येत असेल तर यांना का नाही?"

आत्या उठली. किलोभर लोखंड अचानक फार जड झालं होतं. डावीकडे ठेवलं की प्रश्न मिटतो. डबा जाईल, दादा जाईल, दुकान जाईल, आणि तिच्याकडे पुन्हा कुणी वळून बघणार नाही. आठवडाभर तिनं हाच हिशेब केला होता आणि तो चोख होता. ती काट्यापर्यंत आली. तिची नजर दादाच्या बोटांवर पडली. टोकांना बारीक काळे ठिपके होते, शिवणकाम करणाऱ्याच्या बोटांना असतात तसे. आणि मघापासून ओठांवर आलेली गोष्ट, पारड्यात वजन पडण्याआधीच, बाहेर पडली.

"दादा, टोचलं की फार दुखतं का रे?"

वहिनीच्या हातातला कप हवेत राहिला.

"तुला माहीत नाही?" थोरलीनं विचारलं. मग सावकाश, एकेक शब्द वेगळा काढत, "आत्या. तुला. माहीत. नाही?"

एक्सचेंजमध्ये दोन चुकीच्या तारा जोडल्या गेल्या की क्षणभर सगळ्या लाइनी गप्प होत, मग एकदम सगळे बोलायला लागत. तसंच झालं. मी दिलेलं यंत्र कुठे गेलं, गोळ्या तरी खरंच घेतेस का, तुला काही झालं असतं म्हणजे, शेवटची तपासणी कधी, कमाल आहे.

"एक मिनिट," दादा म्हणाला. तो उठून तिच्यापाशी आला होता. "मुंगी चावल्याएवढं. पण हात धुऊन ये आधी. बोटाला गोड लागलेलं असलं तर यंत्र उगाच आरडाओरडा करतं."

आत्या नळाकडे गेली आणि तिनं हात धुतले. धुवायला लागतो त्यापेक्षा बराच जास्त वेळ धुतले. परत आली तेव्हा दादानं पट्टी लावून ठेवली होती. त्यानं तिचं बोट धरलं. लहानपणी रस्ता ओलांडताना धरायचा तसंच, जरा जास्त घट्ट.

"टोकावर नाही, कडेला. कडेला कमी दुखतं. हेही मीच शोधलं."

टच्. खरंच मुंगी. लाल थेंब पट्टीनं ओढून घेतला आणि यंत्र विचारात पडलं. आत्यानं डोळे मिटले, मग, नेहमी मिटते म्हणून, उघडले.

दोनशे चौऱ्याऐंशी.

"अरे देवा!" थोरली उठली. "दोनशे… आत्या, तू…"

"गप्प!" दादा ओरडला. दादा सहसा ओरडत नसे, त्यामुळे ते कसं करायचं याचा त्याला अंदाज नव्हता. खालच्या दुकानात टांगलेली पारडीसुद्धा किणकिणली. "आकडा आहे तो, शिवी नाही. बस खाली." मग आत्याकडे वळला, आणि आवाज पार बदलला. गिऱ्हाईक बिघडलेला काटा घेऊन आलं की तो असाच बोलायचा. "हं. सांग. सकाळपासून काय काय झालं?"

"काय काय म्हणजे?"

"खाल्लंस काय?"

आत्यानं इकडेतिकडे पाहिलं. "पाव."

"नुसता?"

"मध लावून."

"किती?"

"दिसेल इतका."

"झोप?"

"कुठली झोप! या बैठकीच्या काळजीत रात्रभर तळमळत होते."

"वा!" दादा म्हणाला. त्याचे डोळे चमकत होते.

"वा काय, वा? दोनशे चौऱ्याऐंशी आहे!"

"अगं, मध सापडला, झोप सापडली. आणखी काहीतरी सापडेल. ज्या आकड्याला कारणच नाही तो वाईट. तुझ्याला तर कारणं रांगेत उभी आहेत!"

आत्या खुर्चीत बसली. तिला रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. इतकी वर्षं ज्याला भिऊन दार लावून बसली होती तो पाहुणा आत आला होता. आला होता मोठाच, पण निदान त्याचं तोंड दिसत होतं. आणि काय खाल्लंस हा प्रश्न, विचारणारा आधीच चिडलेला नसताना, तिला आज पहिल्यांदाच कुणी विचारला होता.

थोरली तिच्या शेजारी येऊन बसली. "उद्या डॉक्टरीणबाईंकडे नेते तुला," ती म्हणाली. आवाज शाळेचा नव्हता.

"ने. पण वाटेत बोलायचं नाही."

"नाही बोलणार."

"दादा, तू इकडे ये." आत्यानं वजन पुन्हा हातात घेतलं. "माझ्या अटी आहेत. थरथर वाटली की आधी गोळी तोंडात. मग हवं तर दहादा मोज."

"पहिल्या मापानंतर गोळी," दादानं घासाघीस केली.

"पहिल्याच्या आधी."

"अगं, पण मग आधीचा आकडा कळणारच नाही! नुसती गोळी खाऊन…"

"दादा."

"बरं. आधी गोळी," तो म्हणाला. गार बटाट्याचा शोध कुणी हिरावून घेतला असता तरी त्याचा चेहरा इतका पडला नसता.

"आणि वहिनीला यंत्र शिकवायचं. आजच. दुकानात एकटा असलास की ती दर थोड्या वेळानं हाक मारणार, आणि तू ओ देणार. बनियनवरून भांडण झालेलं असलं तरी."

"ओ देईन."

"दिली नाही तर मी स्वतः तुला थोरलीकडे पोचवीन." तिनं थोरलीकडे पाहिलं. थोरलीनं मान जराशी डोलावली. पूर्ण होकार नव्हता तो, पण तिच्या शाळेत एवढ्यावर मुलं पास होत.

आत्यानं वजन उजव्या पारड्यात ठेवलं. पारडं खाली गेलं. दादानं डबा उचलला, झाकण लावलं, पुन्हा उघडलं आणि आतल्या पट्ट्यांकडे पाहिलं.

"दादा," आत्या म्हणाली, "उद्या सकाळी किती असेल रे?"

"मला काय माहीत?" दादा म्हणाला. "म्हणून तर बघायचं. डॉक्टरीणबाईंकडे जायच्या आधी ये. उपाशी ये."

"आणि मध?"

"घेऊन ये. त्याचंही बघू."